सही करण्याआधी

पॅकिंग लाइनवर औषधाची एक बॅच संपली की दुसरी लगेच सुरू होत नाही. आधी ‘लाइन क्लिअरन्स’. मागच्या बॅचची एखादी गोळी कन्व्हेयरखाली अडकलीय का, फॉइलचा तुकडा किंवा जुन्या बॅच नंबरचं खोकं कुठे राहिलंय का, हे ऑपरेटर वाकून वाकून बघतो. मग क्वालिटी अ‍ॅश्युरन्सचा माणूस येऊन तेच सगळं पुन्हा बघतो. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. छापील खोकी किती आली, किती वापरली, किती फाडली, किती परत गेली, याचा मेळ लागावा लागतो. नाही लागला तर चौकशी.

हे वाचूनच ज्याला जांभई आली, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला बरं वाटलं, त्याच्यासाठी इथे जागा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी व्यवसायनिवडीच्या संदर्भात माणसांचे सहा प्रकार मांडले. त्यातला एक ठरलेली पद्धत, नोंदी आणि बिनचूकपणा यांत रमणारा. आपल्या करिअर मेळाव्यांत सगळं कौतुक ‘काहीतरी वेगळं’ करणाऱ्यांचं असतं. औषध कारखान्यात मात्र गोळ्या करताना कुणाला काही वेगळं सुचलं, की पोटात गोळा येतो.

गोळ्या तयार होत असताना २० गोळ्या एकेक करून तोलायच्या. गोळी २५० मिलिग्रॅमपेक्षा जड असेल, तर सरासरीपासून ५ टक्क्यांहून जास्त फरक फार तर दोन गोळ्यांत चालतो. दुसरी तपासणी ठिसूळपणाची: ड्रममध्ये मिनिटाला २५ या वेगाने १०० फेरे, आणि वजनातली घट सहसा १ टक्क्याच्या आत. आकडा लिहिताना चुकला तर व्हाइटनर लावायचा नाही. एकच आडवी रेघ, तीही चुकीचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही, असा इथला हिशोब.

हा काच उगाच नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली. पिंपावरच्या लेबलवर विसंबायचं नाही, नमुना काढून तपासायचा, हा नियम का आहे ते यावरून कळावं.

पण पद्धत आवडणं वेगळं आणि मान तुकवणं वेगळं. तिसरी पाळी, माल सकाळी निघायचाय, वरिष्ठ म्हणतात, “अरे, झालंय तपासून, टाक सही.” तेव्हा “साहेब, मी बघितलेलं नाही,” म्हणता आलं पाहिजे. माझ्या मते गबाळ्यापेक्षा न बघता सही टाकणारा मवाळ माणूसच इथे जास्त धोक्याचा, कारण त्याचे कागद नेहमी नीटनेटके असतात.

आयटीआयचा ‘अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट)’ हा ट्रेड, डी. फार्म. किंवा रसायनशास्त्रातली बी. एस्सी. केलेल्यांना तारापूर, कुरकुंभ, वाळूज, गोव्यात वेर्णा अशा ठिकाणी ही कामं मिळतात. सुरुवातीचा पगार बेताचा, पाळ्या फिरत्या आणि बऱ्याच जागा कंत्राटी. कायम कधी करणार, हे आधीच विचारावं. पॅकिंगला मुलीही बऱ्याच असतात. अंगठी, घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवूनच आत जावं लागतं, हे सासरी आधी सांगून ठेवलेलं बरं.