नऊ नाथांचा पहिला अध्याय आणि महानायकांचा पहिला अंक

पाथर्डी तालुक्याच्या अंगावरून गर्भगिरीची डोंगररांग गेली आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत या रांगेतील मढी गावी कानिफनाथांची यात्रा भरते आणि रंगपंचमीला ती ऐन भरात येते. रेवड्यांची उधळण, भटक्या-विमुक्त समाजांचे मेळे आणि गाढवांचा प्रसिद्ध बाजार यांमुळे मढीचे नाव महाराष्ट्रभर झाले. मात्र या डोंगररांगेची आणखी एक ओळख आहे आणि ती वाङ्मयीन आहे. मराठीतील एका अत्यंत लोकप्रिय पोथीचे अनेक नायक येथे एकत्र येतात. आजची मुले ज्या प्रकाराला 'क्रॉसओव्हर' म्हणतात, त्याचे गणित समजून घ्यायचे असेल तर ही पोथी हाताशी असलेली बरी.

क्रॉसओव्हर म्हणजे काय? स्वतंत्र कथामालिकांतून वाढलेले, स्वतःचा वाचकवर्ग असलेले नायक एकाच कथेत एकमेकांसमोर उभे करणे. अमेरिकी चित्रकथांत हा प्रकार १९४० च्या हिवाळ्यात 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकातील 'जस्टिस सोसायटी'पासून रूढ झाला. पुढे १९६० मध्ये सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन आदींची 'जस्टिस लीग' आली आणि १९६३ मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी 'अॅव्हेंजर्स'चा पहिला अंक काढला. या अंकांपुढे एक अवघड प्रश्न असतो. प्रत्येक नायक आपापल्या घरी समर्थ आहे. मग त्याला इतरांची गरज का भासावी? पहिल्या अंकाला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. 'अॅव्हेंजर्स'मध्ये लोकी हा कपटी देव हल्कविषयी गैरसमज पसरवतो, मदतीची हाक भलत्याच कानांवर पडते आणि योगायोगाने जमलेले वीर शेवटी संघ करण्याचे ठरवितात. कारण तकलादू आहे, पण काम भागते.

आता 'नवनाथ भक्तिसार' उघडून पाहावे. धुंडिसुत मालू नरहरी याने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ मध्ये, ही चाळीस अध्यायांची पोथी पूर्ण केली. मराठी मुलखात पेशवाई नुकतीच बुडाली होती. पहिल्या अध्यायात मंगलाचरण आटोपताच मालू वाचकाला थेट द्वारकेत नेतो. श्रीकृष्ण नऊ नारायणांना बोलावून घेतात. कवी, हरी, अंतरिक्ष, प्रबुद्ध, पिप्पलायन, अविर्होत्र, द्रुमिल, चमस आणि करभाजन ही नावे वाचकाला भागवतातून ठाऊक असतात. कलियुगात तुम्हाला अवतार घ्यायचे आहेत, असे त्यांना सांगितले जाते. कवी मच्छिंद्र होणार, हरी गोरक्ष, अंतरिक्ष जालंदर, प्रबुद्ध कानिफा, पिप्पलायन चर्पटी, अविर्होत्र वटसिद्ध नागनाथ, द्रुमिल भर्तरी, चमस रेवण आणि करभाजन गहिनी. संघाची सभा, कार्याची घोषणा आणि प्रत्येकाच्या वाट्याचे काम पहिल्याच बैठकीत ठरून जाते.

पुढचा भाग अधिक धाडसी आहे. आम्ही एकटेच जायचे की आणखी कोणी सोबत आहे, अशी शंका नारायण विचारतात. तेव्हा भावी काळाची सारी यादीच त्यांच्यापुढे ठेवली जाते. वाल्मीकी तुलसीदास होऊन येणार, शुक कबीर होणार, व्यास जयदेव, उद्धव नामदेव आणि मारुती रामदास होणार. शंकर निवृत्ती होईल, ब्रह्मा सोपान होईल, आदिमाया मुक्ताबाई होईल आणि खुद्द कृष्ण ज्ञानदेव होऊन येतील. काही ओव्यांत पुराणे, उत्तरेतील भक्तकवी, वारकरी संत आणि नाथपंथ एका सूत्रात ओवले जातात. अमेरिकी कॉमिकांचे चाहते ज्याला 'सामायिक विश्व' म्हणतात आणि ज्याची घडी बसवायला त्यांच्या प्रकाशकांना कित्येक दशके लागली, ते मालूने पहिल्या अध्यायातच उभे केले.

हे नायक मुळात एका गावचे नाहीत, एका काळचे तर नाहीतच. गोपीचंद राजा आणि त्याची आई मैनावती यांच्या कथा बंगालपासून पंजाबापर्यंत गायल्या जात. भर्तरी उज्जैनीचा. रेवणसिद्धाचे नाव कर्नाटकातील वीरशैव परंपरेत मोठे आहे. चर्पटीचा संबंध रससिद्धांशी, म्हणजे पारा आणि किमया यांच्या उपासकांशी लावला जातो. गहिनीनाथ तर मराठी वाचकाच्या घरचेच, कारण 'ज्ञानेश्वरी'च्या शेवटी येणारी गुरुपरंपरा आदिनाथापासून मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी अशी उतरत निवृत्तीनाथांपर्यंत पोहोचते. नऊ नाथांच्या याद्याही प्रांतोप्रांती वेगळ्या आहेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी ही गुंतागुंत उलगडण्यात आयुष्य वेचले. मालूपुढे इतिहासाचा तो प्रश्नच नव्हता. विखुरलेल्या कथा एका धाग्यात आणणे हे त्याचे काम होते आणि त्यासाठी त्याला सामायिक उगम लागत होता. द्वारकेची सभा हा तो उगम.

उगमकथा हा महानायकांच्या साहित्यातला प्राण. सुपरमॅन नष्ट झालेल्या ग्रहावरून येतो, स्पायडरमॅनला कोळी चावतो. नाथांचे जन्म याहून कमी चमत्कारिक नाहीत. मच्छिंद्र माशाच्या पोटातून येतो आणि गर्भात असतानाच शंकराचा पार्वतीला चाललेला उपदेश ऐकतो. गोरक्ष बारा वर्षे उकिरड्याच्या राखेत राहून बाहेर येतो. जालंदर यज्ञकुंडातून आणि कानिफा हत्तीच्या कानातून निघतो. गहिनी तर मुलांच्या खेळातला चिखलाचा पुतळा. संजीवनी मंत्राचा उच्चार झाला आणि तो जिवंत झाला. सगळे अयोनिसंभव, म्हणजे कोणाच्याही कुळाचे वारस नसलेले. मढीच्या यात्रेत गावगाड्याबाहेरच्या जमातींना इतका मान का, या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडू शकेल.

अशा कथेची खरी कसोटी दोन समर्थांच्या गाठीत असते. चाहत्यांना लढत हवी असते, पण कोणाही नायकाचा खरा पराभव झाला तर त्याचा वाचक रुसतो. म्हणून एक ठरलेली वाट पडली आहे. आधी गैरसमज, मग सामर्थ्याची चुणूक, मग उलगडा. मालू या वाटेवर सहज चालतो. रामेश्वरी मच्छिंद्राची मारुतीशी जुंपते, पुढे वेताळाशी सामना होतो. (मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये फँटमला 'वेताळ' हेच नाव मिळाले, हा गमतीचा योगायोग.) पण सर्वांत सुरेख प्रसंग गोरक्ष आणि कानिफा यांच्या भेटीचा. दोघे आपापल्या गुरूंच्या शोधात असताना रानात एकमेकांना भेटतात. कानिफा पाहुणचार म्हणून मंत्राच्या बळाने झाडावरचे पिकलेले आंबे खाली उतरवितो. गोरक्षही आंबे उतरवितो. मग उरलेली फळे पुन्हा देठाला चिकटवून दाखवावीत, अशी गोष्ट निघते. हे ब्रह्मदेवाखेरीज कोणाला जमायचे, असे कानिफा म्हणतो. सद्गुरूच्या शिष्याला जमते, असे गोरक्षाचे उत्तर. तेथून वाद गुरूंवर येतो. तुझा मच्छिंद्र स्त्रीराज्यात विलासात गुंतला आहे, असे एकाने हिणवावे. तुझ्या जालंदराला गोपीचंदाने घोड्याच्या लिदीखाली खड्ड्यात पुरले आहे, असे दुसऱ्याने सुनवावे. आणि टोमण्यांतूनच दोघांना हवी ती बातमी मिळते. ज्याच्या शोधात वणवण चालली होती त्या गुरूचा ठावठिकाणा प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून कळतो. भांडण मिटते आणि दोघे आपापल्या दिशेने निघतात. लढत झाली, कोणी हरले नाही आणि दोन्ही कथा पुढे सरकल्या. क्रॉसओव्हर लिहिणाऱ्या कोणाही लेखकाने हा प्रसंग अभ्यासावा, इतका तो नेटका आहे.

या पार्श्वभूमीवर २००३ च्या 'जेएलए/अॅव्हेंजर्स'कडे पाहणे उद्बोधक ठरते. डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मुख्य संघांची ही भेट. सुपरमॅन आणि स्पायडरमॅन १९७६ मध्येच एकत्र आले होते, पण संघांची भेट १९८३ साठी ठरूनही बारगळली. कथानकावरून दोन्ही संपादकीय विभागांत एकमत होईना. चित्रकार जॉर्ज पेरेझ यांची सुमारे वीस पाने तोवर काढून झाली होती. त्यानंतर वीस वर्षांनी, लेखक कर्ट ब्युसिक यांच्यासह, पेरेझ यांनीच चार अंकांची ही कथा पूर्ण केली.

पहिला अंक काय करतो? क्रोना नावाचा एक ज्ञानपिपासू विश्वामागून विश्वे नष्ट करीत सुटला आहे. सृष्टीचा आरंभ कसा झाला, एवढेच त्याला जाणायचे आहे. ग्रँडमास्टर हा खेळाचा शौकीन त्याच्यापुढे पैज मांडतो. दोन्ही विश्वांतील बारा दिव्य वस्तू मिळविण्याची ही स्पर्धा. पण नायक कशासाठी भिडतात याचे खरे कारण पैजेत नाही, ते एकमेकांच्या जगाकडे पाहताना त्यांना जे दिसते त्यात आहे. सुपरमॅनला अॅव्हेंजर्सचे जग दुःखाने भरलेले, नायकांनी वाऱ्यावर सोडलेले वाटते. उलट कॅप्टन अमेरिकाला समोरच्या जगात नायकांची स्मारके आणि पूजा दिसते, आणि येथे माणसांना देवांच्या धाकात ठेवले आहे की काय, असा संशय येतो. नायकाने लोकांसाठी किती करावे आणि लोकांनी नायकापुढे किती वाकावे, हा वाद पुढच्या अंकातही तापतो. शेकडो पात्रांच्या गर्दीत ही कथा स्मरणात राहते ती या वादामुळे.

या पुस्तकाचे पुढे जे झाले त्यात मालूच्या पोथीशी असलेला मोठा फरक दिसतो. दोन मालकांच्या संमतीशिवाय एकही प्रत छापता येत नसल्याने ते वर्षानुवर्षे बाजारात दुर्मीळ राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये पेरेझ यांनी आपल्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर गरजू चित्रकारांना साहाय्य करणाऱ्या 'हीरो इनिशिएटिव्ह' या संस्थेसाठी दोन्ही कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये सात हजार प्रतींचे पुनर्मुद्रण होऊ दिले. ६ मे २०२२ रोजी पेरेझ यांचे निधन झाले. आयुष्यभर गाजलेल्या कलावंताच्या पुस्तकाला पुन्हा छापखान्यात जाण्यासाठी त्याचे शेवटचे आजारपण निमित्त व्हावे, ही गोष्ट चटका लावणारी आहे.

नाथांचा मालक कोणी नव्हता. म्हणूनच मालू त्यांना एकत्र आणू शकला, म्हणूनच प्रत्येक प्रांताने आपली नवांची यादी केली आणि म्हणूनच नावेही एकाहून अधिक राहिली. चाळिसाव्या अध्यायात औरंगजेबाचा प्रसंग येतो. या समाध्या कोणाच्या, असे तो विचारतो आणि नवी नावे देतो: जालंदराला जानपीर, गहिनीला गैबीपीर, मच्छिंद्राला मायाबाबलेन, कानिफाला कान्होबा. मायंबा हे मच्छिंद्राच्या स्थानाचे रूढ नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. मुखवट्यामागे दुसरी ओळख बाळगणारे नायक कॉमिकांत पुष्कळ आहेत. येथे एकाच समाधीपुढे उभे राहून दोन धर्मांच्या भाविकांनी दोन नावांनी हाक मारली.

पोथीच्या रचनेतही मालिकेची जाण आहे. नवा अध्याय सुरू करताना मागील अध्यायात काय घडले हे मालू एक-दोन ओव्यांत आठवून देतो, म्हणजे मधूनच येऊन बसलेला श्रोताही हरवत नाही. श्रावणात गावोगावी पारायण लागते तेव्हा याचा उपयोग कळतो. दिवसभर शेतात असलेला माणूस संध्याकाळी येऊन टेकतो आणि कथेत सामील होतो.

आणि एवढ्या साऱ्या नायकांना पुन्हा एकत्र आणायचे तर जागा कोणती? मालूने गर्भगिरी निवडला. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्राच्या झोळीत सोन्याची वीट असते. गुरूला तिचा मोह आहे हे पाहून गोरक्ष ती फेकून देतो आणि सारा डोंगरच सोन्याचा करून दाखवितो. मग त्या सोन्याच्या डोंगरावर थोर उत्सव होतो. नाथ येतात, देव येतात, पंगती उठतात. घाटशिरसजवळचे वृद्धेश्वर, लोकांचा म्हातारदेव, या कथेशी जोडलेले आहे. नगरजवळ मांजरसुंब्याला गोरक्षनाथ गड, पाथर्डी तालुक्यात मढी, सीमेपलीकडे आष्टी तालुक्यात सावरगावची मायंबा, आणखी पुढे पाटोदा तालुक्यात गहिनीनाथांची चिंचोली, अशी स्थाने या एकाच रांगेच्या आसऱ्याने आहेत. फाल्गुनाच्या अखेरीस पैठणहून गोदावरीचे पाणी घेतलेल्या कावडी मढीकडे चालू लागतात आणि उन्हाने तापलेल्या वाटेवर त्यांच्या घुंगरांचा आवाज लांबून ऐकू येतो.