पत्ते कोण पिसतो?

लेखमाला : यंत्रयुगातील विश्वास (लेखांक सातवा)

मोबाईलवरून होणाऱ्या देवघेवीचा विचार मागील लेखांकात केला. तीत प्रत्येक पैशाची नोंद बँकेच्या दप्तरी राहते व तक्रार ऐकणारे कोणीतरी असते. तोच पैसा पोकरच्या डावात उतरला, की हे दोन्ही आधार सुटतात.

गडचिरोली जिल्ह्यात कोंबडबाजारावर धाडी पडतात, मुद्देमाल जप्त होतो, आणि तो जुगार निंद्य आहे यात संशय नाही. तथापि तेथे हरणारा मनुष्य कोंबडा, त्याच्या पायाला बांधलेली काती आणि झुंजीचा शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. धानाच्या चुकाऱ्याचे पैसे मोबाईलवरच्या पोकरमध्ये घालणाऱ्या कुरखेड्याच्या तरुणाला मात्र पत्ते कोणी पिसले, समोर बसलेली माणसे आहेत की यंत्रे, यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच लागोपाठ हार पत्करल्यावर ‘गेम सेट आहे’ असे उद्गार त्याच्या तोंडून निघतात. त्याला अडाणी ठरवून या संशयाची वासलात लावणे अन्यायाचे होईल.

प्रथम गणित पाहू. पोकरमध्ये हाती येणारी दोन्ही झाकली पाने एक्के असण्याचा योग सरासरी 221 डावांत एकदा असतो. असे एक्के हाती असताना समोर बादशहांची जोडी असली आणि मेजावरील पाने उघडण्यापूर्वीच सर्व रक्कम लागली, तरी पाच वेळांत सुमारे एकदा एक्केवालाच हरतो. चार मित्रांत खेळले तरी हे प्रमाण बदलत नाही. फरक इतकाच, की पडद्यावर तासाभरात कितीतरी अधिक डाव होतात, आणि त्यामुळे मनाला झोंबणारे पराभवही तितक्याच वेगाने साचतात. अशा दहावीस पराभवांवरून कपट सिद्ध होत नाही.

परंतु कपट घडलेच नाही, असेही नाही. 1999 साली प्लॅनेट पोकर या संकेतस्थळाचे पत्ते पिसण्याचे सूत्र, ते निर्दोष आहे हे लोकांना पटावे या हेतूने, प्रसिद्ध करण्यात आले होते. बावन्न पत्त्यांच्या संभाव्य रचनांची संख्या अडुसष्ट आकडी आहे. त्या सूत्रातून मात्र फार तर 429 कोटी रचना निघू शकत, आणि आरंभीची संख्या संगणकाच्या घड्याळावरून घेतली जात असल्यामुळे, घड्याळाची वेळ जुळवून घेणाऱ्या तज्ज्ञांनी त्या सुमारे दोन लाखांवर आणल्या. मग हातातली दोन आणि मेजावरची तीन पाने कळताच इतर सर्वांची झाकली पाने त्यांना सांगता येऊ लागली. येथे मालकाचा हेतू शुद्ध होता. पिसणी सदोष होती.

2007 सालचे अ‍ॅब्सोल्यूट पोकरचे प्रकरण याहून गंभीर होते. एका स्पर्धेच्या अखेरच्या डावात प्रतिस्पर्ध्याने, हातात दश्शीपेक्षा मोठे पान नसताना, सर्व रक्कम लावण्याचे आव्हान निःशंकपणे स्वीकारले आणि तो जिंकला. हरलेल्या खेळाडूने स्पर्धेची नोंद मागितली, तेव्हा कंपनीकडून आलेल्या तक्त्यात सर्वच खेळाडूंची झाकली पाने होती, आणि मेजावर नुसते पाहत बसलेल्या एका खात्याचाही उल्लेख होता. त्या खात्याला सर्वांची पाने दिसत होती! संशयाला पुरावा लाभला तो या दस्तऐवजामुळे.

आपल्या शेजारच्या गोंदियाचे उदाहरण पोकरचे नव्हे, पण त्याच जातीचे आहे. जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी रुपये गमावल्याची फिर्याद दिली, आणि पोलिसांनी गोंदियातील एका बुकीच्या घरातून कोट्यवधींची रोकड व सोने जप्त केले. सुरुवातीला थोडे जिंकू देऊन पुढे हरविण्यात आले, असा आरोप होता.

आता सर्व पाने प्रामाणिकपणे पिसली गेली असे धरले, तरीही अड्ड्यावर जिला नाल म्हणतात ती मालकाची कापणी डावाडावातून होतच राहते. म्हणजे समान कौशल्याचे सहा जण दीर्घकाळ खेळले, तर सहाही जणांची थैली हळूहळू रिती होते. त्यासाठी कपटाची गरजच नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि देशातील कंपन्यांनी पैशाचे डाव बंद केले. आता जे लपूनछपून चालते ते बहुधा परदेशातून, जेथे आपल्या तहसीलीचा वा न्यायालयाचा हुकूम पोहोचणे दुरापास्त. हातातल्या पानांवरून ना कपट सिद्ध होते, ना सचोटी. दोन्ही सिद्ध होतात दप्तरावरून, आणि जेथे दप्तर तपासता येत नाही तेथे सचोटी ही केवळ मालकाच्या मर्जीची बाब ठरते. अशा मर्जीवर वर्षभराच्या धानाचा चुकारा सोपवू नये, हेच माझे कळकळीचे सांगणे आहे. ज्याची फसवणूक झाली असेल त्याने लाज बाळगून गप्प बसू नये: या कायद्यातील शिक्षा खेळ चालविणाऱ्यासाठी आहे, खेळणाऱ्यासाठी नाही. 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि व्यवहाराच्या सर्व नोंदी जपून ठेवाव्यात. 2007 च्या त्या खेळाडूला दाद मिळाली ती नोंद मागितल्यामुळेच.

(पुढील लेखांकात : सोडतीची चिठ्ठी आणि संगणकाची सोडत)