दिव्याखालचा मावळ

कार्ल्याच्या लेण्यांवरून खाली इंद्रायणीचे खोरे दिसते. शेजारी लोणावळा-वळवणला अडवलेले पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज होते. दिवे मात्र लागले मुंबईत! पुढे दक्षिणेकडच्या मुळशी पेट्यातही धरण आले. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालेच. त्यांना विचारले होते कुणी?

आज २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. तशी जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. बँकेत जन्मभर आकडे तपासलेला मीसुद्धा ती न वाचताच रद्दीत टाकतो आणि बिल आले की कुरकुरतो. मुळशीकरांना न मिळालेला हक्क आपण किलोच्या भावाने विकायचा?

पुढची सूचना कापून ठेवू या. पानभर तरी लिहू या.