हिब्रू नावं: 'च' दिसला की थांबा

इंग्रजी अक्षरांवरून हिब्रू नावं वाचणाऱ्यांची पहिली फसगत 'सीएच'वर होते. तो 'च' नव्हे आणि आपला 'ख'ही नव्हे. उर्दूत 'ख़बर' म्हणताना घशात घासून येतो, तो ख़. म्हणून ख़ाइम, राख़ेल, ख़ानुका. इस्रायलमधले येमेनी वळणाचे जुने लोक यातला काही ठिकाणचा ख़ अरबीसारख्या खोल 'ह'ने उच्चारतात. मला तो जास्त गोड वाटतो.

'जे'चा होतो 'य': जेकब म्हणजे याकोव, जोसेफ म्हणजे योसेफ, जेरुसलेम म्हणजे येरुशालायिम. एकाच अक्षराचे ब आणि व असे दोन्ही उच्चार होत असल्याने अब्राहम तिथे आव्राहाम असतो.

इंग्रजी भाषकांना जड जाणारा एक उच्चार आपल्याकडे जवळपास तयारच आहे. 'चमचा'तला दंत्य च म्हणजे हिब्रूतला 'त्स'. यित्सख़ाक म्हणताना तोच वापरा. 'चहा'तला नको!

स्वर मुख्यतः पाचच. जोर बहुधा शेवटच्या अक्षरावर: शा-लोम, तो-दा (आभार), बे-वा-का-शा (कृपया). माणसांच्या नावांत मात्र बोलताना तो अनेकदा आधीच्या अक्षरावर सरकतो, म्हणून मोशे आणि सारा यांच्यात पहिल्या अक्षरावर. नेतान्याहूंच्या नावात तो 'न्या'वर.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी या नावांच्या उच्चारांचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. शमुएलचा सामाजी, आव्राहामचा आबाजी.