पाण्यातली शेती (भाग ६) : वर्गात बसून हॅचरीत

मागच्या भागात तळ्यातल्या ऑक्सिजनचा हिशेब पाहिला. आता ही मत्स्यशेती मुलांना दाखवायची कशी? मुलुंड-घाटकोपरच्या शाळेला वेसाव्याच्या कोळीवाड्यापर्यंत सहल काढायची तरी बस, परवानग्या आणि पालकांचे फोन यांत शिक्षकांचा आठवडा जातो. म्हणून आभासी सहलीचा पर्याय पुढे येतो. तो नाइलाज म्हणून स्वीकारू नये, असं माझं मत आहे. मत्स्यशेतीतलं बरंच काही प्रत्यक्ष जाऊनही दिसत नाही.

रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात सहसा नाही. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवलं. तो दिवस १० जुलै, म्हणून देशात त्या तारखेला मत्स्यशेतकरी दिन असतो. हॅचरीत इंजेक्शन बहुधा संध्याकाळी देतात, अंडी पडतात रात्री, आणि साधारण १४ ते १८ तासांनी पिल्लं बाहेर येतात. पुढचे तीनेक दिवस ती पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. या इवल्या पिल्लांची, म्हणजे जिऱ्याची, बोटाएवढी बोटुकली व्हायला आणखी कित्येक आठवडे लागतात. कोणती सहल एवढा वेळ थांबेल? कोळंबीच्या हॅचरीत तर रोग शिरू नये म्हणून बाहेरच्यांना सहसा आतच घेत नाहीत. तिथे कॅमेराच आत जाऊ शकतो.

हॅचरीनंतर पडद्यावरचा दुसरा मुक्काम मी हरियाणात ठेवीन. रोहतकजवळ लाहली इथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. समुद्रापासून इतक्या दूर, खारपड जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तिथे कोळंबी वाढवून दाखवली गेली. या पाण्यात पोटॅशियम कमी असतं, ते पोटॅश घालून भरून काढावं लागतं. कोळंबी समुद्रातूनच येते असं समजणाऱ्या मुंबईकर मुलाला एवढा धक्का पुरे.

मात्र नुसता व्हिडिओ लावून देणं म्हणजे सहल नव्हे. पहाटेच्या तळ्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करत आहेत, तिथे चित्र थांबवा आणि विचारा : काय झालं असेल? रात्रभर शेवाळंही ऑक्सिजन वापरतं, हे मुलांनाच सापडू द्या. चित्रफीत शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवा. गूगलचं ‘एक्सपिडिशन्स’ हे आभासी सहलींचं अ‍ॅप २०२१ मध्ये बंद झालं, हे लक्षात असू द्या.

आणि वेसावे कोळीवाडा मात्र पडद्यावर दाखवू नका, निदान अंधेरीच्या मुलांना तरी. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून मुंबईत आहे, आज यारी रोडपाशी; कोळीवाडा तिथून जवळच. बोरिवलीकरांना गोराई आहेच. जाळ्याची गाठ बोटांनी चाचपावी लागते, आणि सुक्या बोंबलाचा वास कुठल्याही हेडसेटमधून येत नाही.

शाळा जूनमध्ये उघडतात. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, आणि गोड्या पाण्याच्या हॅचऱ्या नेमक्या त्याच काळात भरात असतात. शिक्षकांनी दोन्ही सहली, पडद्यावरची आणि पायी, १० जुलैच्या आठवड्यात घ्याव्यात. कोळीवाड्यात जाताना आधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा.