बोल्टवरचा क्रमांक : थ्री-नॉट-थ्री रायफलीचे दोष आणि त्यांच्या दुरुस्तीचा मागोवा

अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारे मैंदर्गी आज महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवर आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मात्र याच पट्ट्याच्या पूर्वेला निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द सुरू होत असे. त्या महिन्याच्या १३ तारखेला मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून निघालेल्या फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि पाचव्या दिवशी संस्थानाने शस्त्रे खाली ठेवली. या मोहिमेच्या वर्णनांत रणगाड्यांना मोठी जागा मिळते, परंतु पायदळाच्या जवानांचे मुख्य शस्त्र ली-एनफिल्ड, म्हणजे सर्वतोमुखी झालेली ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल होती. पुढे तीच रायफल पोलीस ठाण्यांत, कोषागारांच्या दारांत आणि होमगार्डच्या कवायतीत अर्धशतकाहून अधिक काळ दिसत राहिली. ही रायफल कधी दगा देत नाही, असा तिचा लौकिक झाला. तो खोटा नाही, पण अपुरा आहे; कारण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या या जातीच्या प्रत्येक रायफलीत दोषाची शक्यता असते, आणि ती आटोक्यात ठेवण्याचे श्रेय आराखड्याइतकेच मोजमापाचे गेज हाती धरणाऱ्या तपासनिसाचे आणि शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या आर्मोररचेही आहे.

रायफलीची ‘अ‍ॅक्शन’ म्हणजे काडतूस नळीत सारणारी, दाराप्रमाणे बंद होऊन स्फोटाचा दाब पेलणारी आणि शेवटी रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी यंत्रणा. बोल्ट-अ‍ॅक्शन प्रकारात हे काम पोलादी दांडीवजा बोल्ट करतो. तो हाताने पुढे ढकलून मूठ खाली वळवली की त्याच्या अंगावरचे उंचवटे, ज्यांना ‘लग’ म्हणतात, बॉडीतल्या म्हणजे रायफलीच्या मुख्य पोलादी सांगाड्यातल्या खाचांत अडकतात. हे लग दोन्ही बाजूंनी सारखे टेकले पाहिजेत. एकच लग टेकत असेल, तर सारा भार त्याच्यावर येतो, बोल्ट किंचित तिरका होतो, नेम बिघडतो आणि कालांतराने तो लग झिजतो किंवा त्याला तडा जातो. नुसत्या डोळ्यांना हा दोष दिसत नाही. लगांना रंग लावून तो कुठे पुसला जातो हे पाहणे, ही तो शोधण्याची जुनी आणि अजूनही विश्वासार्ह रीत आहे.

जेम्स पॅरिस ली यांच्या आराखड्यावर आधारलेली लष्करी रायफल ब्रिटनने १८८८ मध्ये स्वीकारली आणि १८९५ मध्ये तिला एनफिल्डची नवी नळी मिळाली. तिचे लग बोल्टच्या मागच्या भागात आहेत, तर जर्मन माउझर रायफलीचे पुढे, काडतुसाच्या लगत. मागच्या लगांमुळे बोल्टचा प्रवास आखूड होतो आणि हात वेगाने चालतो. धूळ-चिखलातही यंत्रणा सहसा अडकत नाही. त्याची किंमत अशी की, गोळी सुटताना बोल्ट आणि बॉडी दोन्ही सूक्ष्म प्रमाणात दबतात व ताणले जातात. ली यांच्या बोल्टचे पुढचे डोके वेगळे, आट्यांनी बसवलेले असते. दुरुस्तीच्या दृष्टीने हीच या रायफलीची सर्वांत मोलाची गोष्ट ठरली.

याचे कारण ‘हेडस्पेस’ या मापात आहे. .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती नळीच्या तोंडाशी टेकते. या टेकणीपासून बंद बोल्टच्या तोंडापर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. ब्रिटिश लष्करी मापानुसार ते इंचाच्या ६४ हजारांशांपेक्षा कमी आणि ७४ हजारांशांपेक्षा जास्त असू नये; म्हणजे साऱ्या सुरक्षिततेला मिळालेली मोकळीक पाव मिलिमीटरच्या आसपास. अंतर कमी पडले तर बोल्ट बंदच होत नाही. ते वाढले तर पुंगळी मागे ताणली जाऊन मध्येच तुटते, तिचा पुढचा तुकडा नळीत अडकतो आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. यासाठी दोन गेज वापरतात : एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दोष सापडला तर अनेकदा बोल्टचे डोके बदलून भागते. दुसऱ्या महायुद्धातील क्रमांक ४ च्या रायफलीसाठी ० ते ३ अशा क्रमवार मापांची डोकीच पुरवली जात. भारतात रूढ असलेल्या क्रमांक १ च्या रायफलीत मात्र आर्मोररला डोकी पारखून, लावून आणि पुन्हा मोजून जुळवावी लागत. बोल्ट आणि बॉडी एकमेकांना बसवलेले असल्याने बॉडीचा क्रमांक बोल्टच्या मुठीमागेही ठोकला जाई, आणि त्या क्रमांकाला केवळ नोंदीपुरते महत्त्व नव्हते.

मापाइतकाच धोका पोलादाचा असतो, आणि तो कोणत्याही गेजला सापडत नाही. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफिल्ड रायफलीची कथा या बाबतीत प्रत्येक कारखान्याने वाचण्यासारखी आहे. तिच्या बॉडीला पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून कठीण करताना, कारागीर तापमानाचा अंदाज पोलादाच्या रंगावरून घेत. लखलखीत उन्हात तापलेला तुकडा फिका दिसतो आणि ढगाळ दिवशी तोच लालभडक भासतो. त्यामुळे उजेडाच्या दिवशी अनेक बॉडी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापल्या, पोलाद जळले आणि काचेसारखे ठिसूळ झाले. १९१७ मध्ये काही रायफली हातात फुटल्यावर चौकशी झाली, १९१८ मध्ये दुहेरी उष्णता-प्रक्रिया आणि तापमापक यंत्रे आली. तरीही स्प्रिंगफिल्डच्या ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ क्रमांकाखालच्या रायफलींवरचा संशय आजतागायत गेलेला नाही. तेथे कारागिरांचे कसब कमी नव्हते; मोजण्याजोगी गोष्ट डोळ्यांच्या भरवशावर सोडली गेली होती.

कॅनडाच्या रॉस रायफलीत चूक वेगळ्या जागी होती. तिचा बोल्ट न वळवता सरळ ओढायचा असे आणि चांदमारीच्या मैदानावर तिचा नेम उत्तम होता. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत चिखल आणि जरा सैल मापाचा दारूगोळा यांच्याशी तिची गाठ पडली आणि बोल्ट अडकू लागले. बोल्ट मागे आदळताना बोल्ट-स्टॉपमुळे त्याच्या लगाच्या कडा दबत आणि मग तो नीट बंदही होत नसे. कक्ष, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागा, मोठे केले गेले, बोल्ट-स्टॉप बदलला गेला, पण जवानांचा विश्वास परत आला नाही आणि १९१६ मध्ये कॅनडाच्या तुकड्यांना ली-एनफिल्ड देण्यात आली. त्याच रणभूमीवर लढलेल्या हिंदी पलटणींना १९१४ मध्ये मार्सेय बंदरात उतरताच नव्या दारूगोळ्यासाठी योग्य अशी ली-एनफिल्डची मार्क ३, म्हणजे वर आलेली क्रमांक १ ची, रायफल देण्यात आली होती.

हीच मार्क ३ भारतात बनवण्याचे काम कोलकात्याजवळ हुगळीकाठच्या इशापूर येथील कारखान्याने केले. तेथे आधी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. १९०४ मध्ये रायफल कारखाना उभा राहिला. युद्धकाळात उत्पादन वाढवण्यासाठी १९१६ च्या मार्क ३-स्टार आवृत्तीत काडतूस अडवणारी पट्टी आणि दूर पल्ल्याच्या सामूहिक गोळीबाराचे दर्शक गाळले गेले. दुसऱ्या महायुद्धात इशापूरने आणखी काटछाट करून गोलाईदार भागांना सरळ कडा ठेवल्या. या रायफली दिसायला ओबडधोबड आहेत आणि विदेशी संग्राहक त्यावरून त्यांना कमी लेखतात. तो निवाडा अन्यायाचा आहे. जेथे घासकाम गाळले तेथे रायफलीच्या बळाचा संबंध नव्हता. लग, कक्ष आणि नळी यांची मापे पूर्वीचीच राहिली, आणि जादा दाबाचे काडतूस झाडून घेतली जाणारी प्रूफ-चाचणीही सुटली नाही.

इशापूरची खरी अडचण लाकडाची होती. गोळी सुटली की बॉडी धक्क्याने मागे येते आणि तो धक्का पुढच्या लाकडातल्या दोन छोट्या टेकण्या झेलतात. लाकूड दबले किंवा आकसले की बॉडी सैल होते. मग अ‍ॅक्शन निर्दोष असूनही गोळ्या पसरतात. दमट बंगाल, कोरडे सोलापूर आणि हिमालयातली थंडी अशा हवापालटात लाकूड स्थिर राहणे कठीणच होते. इशापूरने पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घालून ते भेगाळण्यापासून वाचवले; हा स्क्रू पुढे तेथल्या रायफलीची ओळखच बनला.

दारूगोळ्याचाही या कथेत वाटा आहे. काडतुसाची कड पातळ निघाली, तर अचूक हेडस्पेसची रायफलदेखील सैल ठरते. म्हणून रायफलीची गुणवत्ता पुण्याजवळच्या खडकीतही ठरत होती, जेथील १८६९ सालचा दारूगोळा कारखाना ‘के एफ’ या शिक्क्याची .३०३ काडतुसे बनवत असे.

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय पायदळाच्या बहुतेक जवानांकडे .३०३ च होती. त्यानंतर इशापूरने जुन्या अ‍ॅक्शनवर ७.६२ मिलिमीटरचे काडतूस चालवणारी २-ए रायफल काढली. या काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा जास्त आणि बुडाला बाहेर आलेली कड नाही. त्यामुळे अधिक सुदृढ पोलाद वापरले गेले, पुंगळी ओढणारा आकडा नव्याने घडवला गेला आणि काडतुसांची पेटी बदलली. सुधारित २-ए-१ मध्ये दर्शकाचा पल्ला २,००० वरून ८०० मीटरपर्यंत उतरवण्यात आला. जुन्या आराखड्याची मर्यादा आधी ओळखून, दोष उद्भवण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त करण्याचे हे उदाहरण भारतीय शस्त्रनिर्मितीच्या इतिहासात अधिक मानाने नोंदले जायला हवे.

पोलिसांच्या हातातून .३०३ मात्र फार उशिरा सुटली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती याच रायफली होत्या आणि समोरच्या दहशतवाद्यांकडे स्वयंचलित शस्त्रे. त्या रात्रीनंतर या रायफलीवर निकृष्टतेचा शिक्का बसला. परंतु प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागणाऱ्या शस्त्राला स्वयंचलित शस्त्रासमोर उभे करणे ही धोरणाची चूक होती, अ‍ॅक्शनची नव्हे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला औपचारिक निरोप दिला. इशापूरचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे.

आधुनिक कारखाने या दोषांतून मुक्त झाले, असे मानण्याचे कारण नाही. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या रेमिंग्टन ७०० ची बॉडी गोल सळईतून कातली जात असल्याने ती स्वस्त व मजबूत झाली. तरी तिचे तोंड, आटे आणि लग एका अक्षावर आणण्यासाठी ती पुन्हा यंत्रावर चढवण्याचा व्यवसायच अमेरिकेत उभा राहिला. याच कंपनीला २०१४ मध्ये चापाच्या जोडणीत जास्तीचे चिकटद्रव्य गेल्यामुळे लक्षावधी रायफली परत मागवाव्या लागल्या. मापांच्या अचूकतेची कसोटी खेळातही लागते : कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांना २०१० मध्ये म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून देणाऱ्या ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, आणि तेथील .२२ काडतूसही कडेवरच टेकते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ली-एनफिल्ड घराण्याची उरलेली खूण म्हणजे .३१५ ची परवान्याची रायफल. लष्करी .३०३ नागरिकांना वर्ज्य असल्याने इशापूरने ली-एनफिल्डच्याच अ‍ॅक्शनवर ती बनवली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी यांनाही परवाना लागतो. त्यामुळे गावच्या लोहाराकडून बोल्ट घासून घेणे धोक्याचे आहेच, शिवाय गुन्हाही आहे. निवडणुकीच्या काळात या रायफली पोलीस ठाण्यात जमा होतात आणि नंतर परत मिळतात. अक्कलकोट तालुक्यातील असो की अन्यत्रचा, परवानाधारकाने रायफल ताब्यात घेताना बोल्टच्या मुठीमागचा क्रमांक बॉडीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, तो जुळत नसेल तर एकही काडतूस न झाडता तसे ठाण्याला कळवावे, आणि परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडून हेडस्पेस मोजून घेतल्याशिवाय ती रायफल वापरू नये.