'देऊळ' चित्रपटातील प्रचारतंत्र

'देऊळ' हा उमेश कुलकर्णी दिग्दर्शित व गिरीश कुलकर्णी लिखित उपहासात्मक मराठी चित्रपट ४ नोव्हेंबर २०११ रोजी प्रदर्शित झाला. ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार 'ब्यारी' या चित्रपटासह विभागून मिळाला. एका व्यक्तीच्या श्रद्धानुभवाचे सामूहिक प्रचारात रूपांतर कसे होते, हे या चित्रपटात दिसते. त्यामुळे माध्यम व संस्कृती अभ्यासातील अनेक संकल्पना त्याच्या आधारे स्पष्ट करता येतात.

कथानक

मंगरूळ गावातील केशा (गिरीश कुलकर्णी) करडी नावाच्या गायीच्या शोधात निघतो. औदुंबराच्या झाडाखाली त्याला दत्ताचे दर्शन घडते. गावातील विचारी गृहस्थ अण्णा (दिलीप प्रभावळकर) त्याला हा अनुभव मनात जपण्याचा सल्ला देतात. परंतु वार्ता गावभर पसरते, वृत्तपत्रात छापून येते आणि देवळाची मागणी जोर धरते. स्थानिक पुढारी भाऊ (नाना पाटेकर) या मागणीपुढे नमते घेतात. देऊळ उभे राहते, गावात बाजार फुलतो आणि नियोजित रुग्णालय मागे पडते. अण्णा गाव सोडून जातात. या बाजाराने व्यथित झालेला केशा अखेरीस देवळातील मूर्ती उचलून नेतो.

खोटे न बोलता होणारा प्रचार

प्रचार म्हणजे सत्ताधाऱ्यांनी वरून लादलेले असत्य, अशी सर्वसाधारण समजूत आहे. फ्रेंच विचारवंत जाक एल्युल यांनी १९६२ मधील ग्रंथात याहून व्यापक मांडणी केली. त्यांच्या मते प्रचार समाजात आडव्या दिशेनेही, म्हणजे समान स्तरावरील लोकांमध्ये परस्परांकडून पसरतो. मंगरूळमध्ये नेमके हेच घडते. केशा खोटे बोलत नाही. बातमीदाराला बातमी हवी असते, तरुणांना रोजगार व प्रतिष्ठा हवी असते आणि पुढाऱ्याला मते. या स्वतंत्र हितसंबंधांच्या बेरजेतून प्रचार आकार घेतो. त्यासाठी कोणाच्या कटाची गरज पडत नाही.

बातमी आणि संमती

प्रसिद्धी मिळावी म्हणूनच घडवल्या जाणाऱ्या घटनांना अमेरिकी इतिहासकार डॅनियल बुर्स्टिन यांनी 'आभासी घटना' म्हटले. दर्शनाचा मूळ प्रसंग तसा नाही, मात्र बातमीनंतर त्याभोवती उभा राहणारा सोहळा या प्रकारात मोडतो. एडवर्ड हर्मन व नोम चॉम्स्की यांच्या १९८८ मधील प्रचार-प्रारूपात मालकी, जाहिराती, अधिकृत स्रोतांवरील अवलंबन, दबाव आणि प्रचलित विचारसरणी अशा पाच गाळण्या सांगितल्या आहेत. हे प्रारूप अमेरिकेतील मोठ्या वृत्तसंस्थांविषयी असल्याने ग्रामीण वार्ताहराला ते जसेच्या तसे लागू होत नाही. तरीही कोणता विषय बातमी ठरतो आणि कोणता ठरत नाही, हा त्यातील प्रश्न येथे महत्त्वाचा आहे: देवदर्शन ही बातमी ठरते, रुग्णालयाची गरज ठरत नाही.

इटालियन विचारवंत अंतोनियो ग्राम्शी यांची वर्चस्वाची संकल्पना भाऊंच्या भूमिकेवर प्रकाश टाकते. वर्चस्व केवळ बळाने टिकत नाही. त्यासाठी लोकांची संमती मिळवावी लागते. भाऊ लोकभावनेला विरोध करत नाहीत, तर तिचे नेतृत्व स्वीकारून स्वतःचे स्थान राखतात.

मिथक म्हणून 'विकास'

रोलां बार्थ यांनी १९५७ मधील 'मिथोलॉजी' या ग्रंथात दाखवले की, मिथक माणसांनी घेतलेल्या निर्णयांना नैसर्गिक व अटळ भासवते. चित्रपटात 'विकास' हा शब्द असेच कार्य करतो. भाविक, दुकाने व उलाढाल म्हणजे विकास, हे समीकरण एकदा रूढ झाल्यावर रुग्णालयाविषयीचा प्रश्न गावविरोधी वाटू लागतो. अण्णांचे म्हणणे कोणी खोडून काढत नाही. ते ऐकण्याची गरजच उरत नाही.

प्रेक्षकांचे अर्थग्रहण

स्टुअर्ट हॉल यांच्या १९७३ मधील मांडणीनुसार प्रेक्षक एखादी कृती स्वीकारात्मक, तडजोडीच्या किंवा विरोधी भूमिकेतून वाचू शकतो. 'देऊळ'कडे श्रद्धेवरील टीका म्हणून पाहता येते, तसेच श्रद्धेच्या बाजारीकरणापासून तिचा केलेला बचाव म्हणूनही पाहता येते. केशाची भक्ती अखेरपर्यंत उपहासाचा विषय होत नाही, ही बाब दुसऱ्या अर्थाला बळ देते. उपहासाचा रोख देवावर नसून त्याच्या नावाने बदललेल्या प्राधान्यक्रमावर आहे.